इतरमधल्या बॅटऱ्या

त्या माणसाला ऑफिसात सगळे दशांश म्हणायचे. तरुणपणी एकदा त्याने अर्थखात्यातून छापून आलेलं अख्खं अंदाजपत्रक परत पाठवलं होतं, कारण वृद्धाश्रमांच्या दुधाच्या रकमेत टिंब एक घर सरकलं होतं. तेव्हा चिकटलेलं नाव पुढे चौतीस वर्षं निघालं नाही. शिपायापासून संचालकांपर्यंत कुणालाच त्याचं खरं नाव चटकन आठवत नसे. ते पगारपत्रकावर तेवढं होतं. त्याला त्याचं वाईट वाटत नव्हतं, उलट थोडा अभिमानच होता. आता निवृत्तीला तीन महिने राहिले होते आणि निरोपाच्या भाषणात कुणीतरी तो टिंबाचा किस्सा सांगणार, याची त्याला मनातल्या मनात खात्री होती.

त्याचं काम होतं समाजकल्याण संचालनालयाच्या अंदाजपत्रक शाखेत. लोक कर भरतात. कुणी पेट्रोलवर, कुणी सिनेमाच्या तिकिटावर, कुणी घराच्या नोंदणीवर. भरताना चार शिव्या देतात आणि विसरतात. तो पैसा वरच्या तिजोरीत जातो, आणि तिथून पुन्हा खाली येताना त्याला फाटे फुटत फुटत एक बारीकशी धार दशांशच्या टेबलापर्यंत यायची. राज्यातली अनाथालयं, वृद्धाश्रम, अंधांच्या शाळा, कर्णबधिरांच्या शाळा, या सगळ्यांनी पुढच्या वर्षी किती खायचं, हे त्या टेबलावर मांडलं जायचं. प्रत्येक संस्थेच्या नावापुढे सहा रकाने असत: वेतन, प्रवास, भाडे, दुरुस्ती, साहित्य, इतर.

पहिल्या पाच रकान्यांवर सगळ्यांचा डोळा. वेतनाला युनियन, प्रवासाला लेखापरीक्षक, दुरुस्तीला कंत्राटदार. ‘इतर’कडे मात्र कुणी ढुंकून बघत नसे. फिनेल, कुलपं, उंदराचं औषध आणि पाहुण्यांचा चहा. ज्याला नाव द्यायला कुणाला वेळ नाही, ते सगळं इतर.

आणि याच इतरमध्ये दशांशने आयुष्यातली एकमेव लबाडी करून ठेवली होती.

गोष्ट एकोणीस वर्षांपूर्वीची. त्याची बायको कर्णबधिरांच्या सरकारी शाळेत शिक्षिका. एका संध्याकाळी ती घरी आली ती पर्स खुर्चीवर आपटूनच.

“तुमचं सरकार कानाचं मशीन देतं, फोटो काढतं आणि जातं,” ती म्हणाली. “मशीनला बॅटरी लागते, हे कुणाच्या गावीच नाही.”

“किती दिवस चालते एक?”

“आठ. मसुराच्या डाळीएवढी असते. नवव्या दिवशी त्या मशीनचा कानातल्या मळाइतकाही उपयोग नाही. आईबाप हातावर पोट असलेले. दर आठवड्याला दोन कानांच्या दोन कुठून आणणार? आणि मी तिकडे घसा फोडून शिकवतेय. कुणासाठी? भिंतीसाठी?”

दशांशने प्रकरण हातात घेतलं ते नियमाने. बॅटऱ्या ‘साहित्य’मध्ये बसवायच्या, तर साहित्याची एक मंजूर यादी होती: खडू, वह्या, नकाशे, पृथ्वीचा गोल. यादीत नवं काही घालायचं, तर एक समिती होती. समितीची बैठक सहा वर्षांत झाली नव्हती, कारण तिचे दोन सदस्य वारले होते आणि त्यांच्या जागी माणसं नेमायचा अधिकार समितीलाच होता. दशांशने तीन पत्रं लिहिली. तिन्हींना पोच आली, उत्तर आलं नाही. मग एका दुपारी, शाखेतले बाकीचे जेवायला गेले असताना, त्याने शाळेच्या इतरच्या रकान्यातला साठ हजारांचा आकडा खोडून दीड लाख केला. टिंब बरोबर जागी पडलं. मुख्याध्यापकांना त्याने तोंडी सांगितलं, बिलावर ‘किरकोळ’ लिहा, दुसरं काही लिहू नका.

कुणी विचारलं नाही. पुढच्या वर्षी त्याने त्यात थोडी वाढ धरली, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी थोडी. एकोणीस वर्षांत शाळेतली मुलं एकशे अठरा झाली आणि बॅटऱ्यांचा खर्च पावणेचार लाखांवर गेला. पाच संचालक आले आणि गेले, दोनदा सरकार बदललं. कुणाला कानोकान खबर लागली नाही. एवढा सरळ माणूस, ऑफिसचं पेन घरी न नेणारा, पण या एका वाकड्या कामावर त्याचा भारी जीव होता.

मग आली निवडणूक, आणि निवडणुकीच्या आधी आली करकपात. घराच्या नोंदणीवरचा कर सरकारने निम्म्यावर आणला. पेपरांनी पहिल्या पानावर घरांची चित्रं छापली. लोक खूश झाले. दशांशही झाला, खोटं कशाला बोला. सरकारी क्वार्टर निवृत्तीनंतर सोडायचं होतं, दोघांनी मिळून दोन खोल्यांचा फ्लॅट बघून ठेवला होता, सत्तर लाखांचा. नोंदणीच्या खिडकीवर त्याने पावती उलटसुलट करून पाहिली. दोन लाख दहा हजार वाचले होते.

“देव पावला,” तो बायकोला म्हणाला.

त्या पैशात तिच्या मनातला ओटा झाला, भिंतीतली कपाटं झाली, दोन दारांचा फ्रिज आला आणि दोघं क्वार्टर आधीच सोडून तिकडे राहायला गेली. उरलेल्या पैशाचं दोघांनी आइस्क्रीम खाल्लं. अशी लाखभर घरं त्या वर्षी नोंदली गेली आणि लाखभर लोकांनी आपापल्या परीने आइस्क्रीम खाल्लं. सरकार पुन्हा निवडून आलं. खड्डा किती मोठा पडलाय, ते तिजोरीत वाकून बघायची वेळ त्यानंतर आली.

अर्थखात्याचं पत्र पिवळ्या पाकिटात आलं. दशांशने ते उभ्यानेच वाचलं. महसुलात तूट असल्याने पुढील वर्षासाठी काटकसरीचे उपाय. वेतन कायम. भाडे कायम. दुरुस्तीत तीस टक्के कपात. ‘इतर’ या बाबीखालील खर्च अनुत्पादक स्वरूपाचा असल्याने तरतूद शून्य धरावी.

तो खाली बसला. अनुत्पादक या शब्दावर त्याने बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही. शेजारच्या टेबलावरचा कारकून म्हणाला, “दशांश, चहा बंद होणार म्हणे आपला.” दशांशने मान हलवली. मग उगाचच कागदावर त्याने एक भागाकार केला, कारण आकडा दिसला की भागायचं ही त्याची खोड. पावणेचार लाख वर्षाला, म्हणजे महिन्याला एकतीस हजार. त्याच्या फ्लॅटच्या नोंदणीत वाचलेल्या पैशात जवळजवळ सात महिने बॅटऱ्या आल्या असत्या. त्याने कागद फाडला आणि तुकडे खिशात टाकले.

घरी त्याने बायकोला सगळं सांगितलं. नव्या ओट्यापाशी ती भाजी निवडत होती.

“गप्प बसा,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“म्हणजे काही करू नका. शाळेत अडीच महिन्यांचा साठा आहे. मी मोजलाय. तोवर तुमचं इतर परत येईल. चहाशिवाय तुमची ऑफिसं चालतात का कधी?”

“पत्रात शून्य लिहिलंय.”

“पत्रात काय, काहीही लिहितात. मागे प्रवासभत्ता बंद केला होता ना? किती दिवस? पाच आठवडे. साहेबांनाच फिरायला मिळेना, लगेच सुरू केला.”

दशांशला ते पटत होतं. चौतीस वर्षं तो हेच बघत आला होता. पण त्याच्या मनात दुसरंच काहीतरी शिजत होतं आणि ते तिला सांगायची त्याला लाज वाटत होती. तीन महिन्यांनी तो जाणार होता. त्याच्यामागे त्या खुर्चीवर कुणीतरी पोरगा येणार, इतरचा आकडा फुगलेला बघणार आणि कात्री लावणार. मग? आणि दुसरं असं, की चौतीस वर्षं छापलेल्या त्या जाडजूड पुस्तकात त्याचा म्हणून एक शब्दही नव्हता. एकदा, फक्त एकदा, ‘बॅटऱ्या’ हा शब्द तिथे छापलेला बघावा, असं त्याला वाटायला लागलं होतं. हौसच ती. म्हातारपणी हौस सुचली की माणूस तिला तत्त्व म्हणतो.

“मी संचालक बाईंना खरं काय ते सांगतो,” तो म्हणाला. “वेगळी नोंद करून घेतो. उजळ माथ्याने.”

बायकोने सुरी खाली ठेवली. “एकोणीस वर्षं झाकून राहिलं, म्हणून राहिलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. कशाला उघडता?”

“चांगल्या गोष्टीला लपवायचं कशाला?”

“चांगली आहे म्हणूनच लपवायची,” ती म्हणाली. “तुम्हाला तुमचंच ऑफिस अजून कळलं नाही.”

संचालक बाई वयाने त्याच्या मुलीसारख्या, हुशार आणि खरोखरच सरळ. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की गोष्टीत कुणीतरी दुष्ट असलाच पाहिजे. त्यांच्या टेबलावर पिवळं पाकीट होतंच.

“तुम्हीही चहाचंच रडगाणं घेऊन आलात का?” त्या म्हणाल्या.

“नाही बाई. कर्णबधिर शाळेच्या इतरमध्ये मुलांच्या मशीनच्या बॅटऱ्या आहेत. पावणेचार लाखांच्या.”

“कागदावर कुठे दिसतात?”

“कुठेच नाही.”

“मग तुम्हाला कसं माहीत?”

“मीच घातल्यात. एकोणीस वर्षं झाली.”

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. उठून दार लोटून घेतलं.

“हे तुम्ही मला सांगितलं नाहीत आणि मी ऐकलं नाही,” त्या म्हणाल्या. “ऐकलं तर चौकशी लावावी लागेल, तुमची पेन्शन दोन वर्षं अडकेल आणि मला सतराशे साठ कागद रंगवावे लागतील. पण मुलांचं नुकसान नको. इतरमधून ती रक्कम काढा आणि स्वतंत्र शीर्ष मागा, पुस्तकात बॅटऱ्यांची वेगळी ओळ. नवीन बाब म्हणून. मी स्वतः जाऊन भांडते.”

आणि त्या भांडल्या. अर्थखात्यात जाऊन दोन तास बसल्या, टिपणी स्वतः लिहिली, शाळेत जाऊन एका मुलाच्या कानातलं मशीन बंद आणि चालू करून बघितलं, त्याचा चेहरा कसा बदलतो तेही टिपणीत घातलं. अर्थसचिव विरघळले म्हणे. प्रस्ताव मंजूर झाला. त्या दिवशी दशांश ऑफिसातून चालत घरी आला, बस सोडून. बायकोला म्हणाला, “झालं.” ती म्हणाली, “बघू.”

अंदाजपत्रकाचं पुस्तक छापून आलं, तेव्हा शाईचा वास अजून गेला नव्हता. दशांशने थेट पान चारशे बारा उघडलं. शब्द होता. ‘कर्णबधिर विद्यार्थ्यांना श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या पुरविणे (नवीन बाब)’. त्याने तो दोनदा वाचला. मग बोट आडव्या रेषेवरून सरकवत रकमेच्या रकान्यात नेलं.

तिथे होता एक. पानाच्या डोक्यावर नेहमीप्रमाणे कंसात लिहिलेलं होतं, आकडे हजारांत.

एक हजार. आयुष्यात पहिल्यांदा त्याला मनापासून वाटलं की टिंब चुकलेलं असावं. त्याने मागचं पान पाहिलं, पुढचं पाहिलं, बेरीज करून पाहिली. बेरीज बरोबर होती. अर्थखात्यातल्या ओळखीच्या माणसाला त्याने फोन लावला.

“अरे, टोकन तरतूद आहे ती,” तो माणूस म्हणाला. “तुटीच्या वर्षात नव्या बाबीला टोकनच मिळतं, हा नियम तुला माहीत नाही? शीर्ष उघडून ठेवलंय. शीर्ष जिवंत राहिलं म्हणजे झालं. पैसे काय, पुढच्या-मागच्या वर्षी येतील.”

“ती नवी बाब नाही. एकोणीस वर्षं चालू आहे.”

“कशावरून?”

दशांशने फोन ठेवला. नियम त्याला माहीत होता. त्याने स्वतः शेकडो शीर्षं एक-एक हजार घालून अशी जिवंत ठेवली होती: वसतिगृहं, दवाखाने, एक पाळणाघर. त्यांतली बरीचशी अजून जिवंत होती, म्हणजे पुस्तकात. त्या वेळी त्या एक हजाराकडे बघून त्याला कधीच काही वाटलं नव्हतं. झाकलेली मूठ पावणेचार लाखांची होती. उघडली, तेव्हा त्यात एक हजार निघाले. एक हजारात अठ्ठावीस बॅटऱ्या येतात, चौदा मुलांना आठ दिवस. आणि त्याही घेता येणार नव्हत्या, कारण नवीन बाबीचे मार्गदर्शक नियम तयार झाल्याखेरीज पैसा काढायचा नसतो.

पुढे जे झालं ते तर दुखऱ्या जागी बोट घालण्यासारखं होतं. नव्या वर्षाचा दुसराच आठवडा, आणि अर्थखात्याचं दुसरं पाकीट. सर्व कार्यालयांच्या अडचणी लक्षात घेऊन ‘इतर’ या बाबीखालील तरतूद गतवर्षीच्या नव्वद टक्के मर्यादेत पूर्ववत करण्यात येत आहे. शाखेत टाळ्या पडल्या. चहावाला अर्ध्या तासात हजर झाला.

दशांश ते पत्र घेऊन संचालक बाईंकडे गेला.

“बाई, आता इतरमधूनच घेऊ. एक वर्ष.”

त्यांचा चेहरा पडला. “मीही तेच म्हणणार होते. पण विचारून बघितलं. एकदा स्वतंत्र शीर्ष झालं की त्याच कामाला दुसरीकडून खर्च करता येत नाही. दुबार होतं. शिवाय शाळेचं इतर मोजताना ती रक्कम वजा झालेली आहे. तुम्हीच केलीत.”

“मीच केली,” दशांश म्हणाला.

त्याने बायकोला हे सांगितलं नसतं, पण तिला शाळेत कळलंच. त्या संध्याकाळी ती त्याच्याशी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिने फ्रिज उघडला, पाण्याची बाटली काढली आणि दार लावून तसंच दाराला हात लावून उभी राहिली.

“हा विकला तर किती येतील?” तिने विचारलं.

“वापरलेल्याचे काय येणार. वीस हजार.”

“वीस दिवस,” ती म्हणाली. भागाकार तिलाही येत होता.

फ्रिज विकला नाही. तिने आपल्या पगारातून आपल्या वर्गाच्या चौदा मुलांना बॅटऱ्या आणल्या. दोन आठवड्यांनी बाकीच्या वर्गांच्या आया शाळेच्या दारात उभ्या राहिल्या, आमच्या पोरांनी काय घोडं मारलंय म्हणून. बरोबरच होतं त्यांचं. मुख्याध्यापकांनी तिला बोलावून घेतलं आणि हात जोडून सांगितलं, की बाई, सगळ्यांना देता येत नसेल तर कुणालाच देऊ नका. ज्यांना थोडंफार परवडत होतं त्या घरांनीही हात आखडते घेतले, कारण पेपरात आलं होतं की सरकार बॅटऱ्या देणार आहे. फुकट मिळणार असेल तर विकत कोण घेतं? आधी एका वर्गाचा साठा संपला, मग दुसऱ्या वर्गाचा, मग सगळाच.

एकदा ती डबा घरी विसरली म्हणून दशांश तो द्यायला शाळेत गेला. वाऱ्याने वर्गाचं दार असं जोरात आपटलं, की तो स्वतः दचकला. चौदांपैकी एकाही मुलाने मान वळवली नाही. सगळ्यांच्या कानांत मशीनं होती, स्वच्छ पुसलेली. बायको फळ्याशी उभी राहून बोलत होती, सवयीने, आणि हातांनी तेच पुन्हा सांगत होती. डबा टेबलावर ठेवून तो परत निघाला.

पेपरात आलं होतं त्याचं कारण असं. मंत्र्यांच्या जनसंपर्क कक्षातल्या एका पोराने अंदाजपत्रकाच्या पुस्तकातून ‘नवीन बाब’ असलेल्या ओळी वेचून काढल्या होत्या. तुटीच्या वर्षात दाखवायला फार काही नव्हतं. बॅटऱ्या त्याला आवडल्या. त्याने योजनेला नाव दिलं, ‘ऐकू आनंदे’. फलक छापले, त्यावर कानाला हात लावून हसणारी एक गोरीगोमटी मुलगी होती, ती कुठल्याच शाळेतली नव्हती. उद्घाटन कर्णबधिर शाळेतच करायचं ठरलं. फलकांचा, मांडवाचा आणि पाहुण्यांच्या खाण्याचा खर्च चाळीस हजारांवर गेला. तो इतरमधून भागवला. दशांशनेच त्या बिलावर सही केली, त्याच्या नोकरीचा शेवटचा आठवडा होता तो.

शाळेच्या सभागृहात मुलं पुढे जमिनीवर बसली होती, मागे खुर्च्यांवर पाहुणे. संचालक बाई दुसऱ्या रांगेत होत्या, त्यांच्याशेजारी दशांश. बायको व्यासपीठावर मंत्र्यांच्या डाव्या हाताला उभी. मंत्री बोलतील ते हातांनी मुलांना सांगायचं, हे काम तिच्याकडे आलं होतं. तिच्यासारखं ते कुणाला येत नव्हतं. तीस वर्षांच्या संसारात दशांशलाही तिच्याकडून पन्नास-साठ खुणा येऊ लागल्या होत्या, घरात बोलायचा कंटाळा आला की दोघं वापरायची त्या.

मंत्री बरं बोलत होते. तूट आहे, पण आमच्या मनात तूट नाही, असं म्हणाले. करकपातीचं श्रेय घेतलं, आणि कर कमी करूनही योजना वाढवता येतात हे आम्ही दाखवून दिलं, असंही म्हणाले. बायकोचे हात शब्दाला शब्द चालत होते. मग मंत्री म्हणाले, “यापुढे या शाळेतलं एकही मूल बॅटरीवाचून राहणार नाही.”

तिचे हात थांबले. क्षणभर ते तसेच हवेत राहिले. मग तिने सांगितलं तेच, पण शेवटी एक खूण वाढवली. ती दशांशला येत होती: पुढच्या वर्षी.

पुढच्या रांगेतून एक नऊ-दहा वर्षांची मुलगी उभी राहिली. दोन वेण्या, कानांत दोन मशीनं. तिने हातांनी काहीतरी विचारलं, भराभर. मंत्र्यांनी कौतुकाने वाकून पाहिलं.

“काय विचारतेय आमची ताई?”

“विचारतेय,” बायको म्हणाली, “आधी कोण देत होतं?”

मंत्री हसले. “आधी कोणीच देत नव्हतं, बाळा. म्हणून तर आम्हाला यावं लागलं.” आणि बायकोकडे वळून म्हणाले, “सांगा तिला.”

दशांशला वाटलं, उठावं. संचालक बाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही, पण त्यांचा हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट झाला. उठून तो काय सांगणार होता? मंत्री खोटं बोलत नव्हते. त्यांनी कागद बघितले असते तरी हेच बोलले असते. एकोणीस वर्षांच्या कागदांत बॅटरी हा शब्द कुठेच नव्हता, आणि तो येऊ नये याची काळजी घेणारा माणूस इथे दुसऱ्या रांगेत बसला होता. त्याला स्वतःची अशी लाज वाटली, की त्याने पायांकडे पाहिलं.

वर पाहिलं तेव्हा बायको त्याच्याकडेच बघत होती. मग तिने मान वळवली आणि त्या मुलीला खूण केली: कोणीच नाही.

मुलगी बसली नाही. तिने बायकोकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या कानाला लावलं, एकदा, दोनदा. मग दोन्ही हातांनी एक खूण केली, मोठी, साऱ्या सभागृहाला दिसेल अशी. तीही दशांशला येत होती. तिचा अर्थ होता, तू खोटं बोलतेस.

“आता काय म्हणाली?” मंत्र्यांनी विचारलं.

“धन्यवाद म्हणतेय,” बायको म्हणाली.

मंत्र्यांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी. दशांशनेही वाजवल्या.